एसटी तोट्यात आहे, की तोटा एसटीच्या गळ्यात घातलाय?

परळ नाका (धागाकर्ता)

परवा चाळीत गणपतीच्या गाडीची यादी करायला बसलो होतो. चाळ आणि शेजारच्या दोन इमारती मिळून आम्ही एक अख्खी एसटी ठरवतो. ती नाक्यावर येते नि थेट गावच्या देवळापाशी सोडते. यादी चालू असताना आमचा भाचा म्हणाला, "मामा, हा पांढरा हत्ती किती दिवस पोसायचा? मुंबई सेंट्रलची जागा विकली तरी सगळी देणी फिटतील." एवढं बोलून स्वतःचं नि बायकोचं नाव यादीत घातलं. खिडकी पाहिजे, हेही सांगितलं.

चारचौघांत काही बोललो नाही, इथे लिहितो. माझं म्हणणं एवढंच की एसटीला तोट्याचे रस्ते सरकारने नेमून दिले आणि ताळेबंद मात्र दुकानदाराचा मागितला.

सुरुवात बघा. 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. लाकडी बांधणी, काथ्याच्या गाद्या, रंग निळा आणि वर चंदेरी. लाल रंग पुढचा. त्याआधी खाजगी सर्व्हिस मोटारी होत्या. भरली की सुटणार, भाडं मालक म्हणेल ते, पावसाळ्यात येईलच असं नाही. बाळासाहेब खेरांच्या सरकारने हे मोडून राज्याची गाडी काढली ती नफ्याच्या आशेने नव्हे.

मग 1950 साली संसदेने मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा केला. त्यातली तीन कलमं शांतपणे वाचा. कलम 22 म्हणतं, महामंडळाने धंद्याच्या तत्त्वांवर कारभार करावा. कलम 34 म्हणतं, राज्य सरकार महामंडळाला सूचना देऊ शकेल, अगदी भरती नि पगारापर्यंत. आणि कलम 30 म्हणतं, व्याज, घसारा, राखीव निधी, विस्तार सगळं भागवून नफ्यातलं जे उरेल ते राज्य सरकारला द्यायचं, रस्ते करायला. नफा उरला तर सरकारच्या रस्त्यांना, तोटा झाला तर महामंडळाच्या डोक्यावर. असा व्यवहार आमच्या लालबागच्या भाजीवालीनेही केला नसता.

वर तिकिटातून साडेसतरा टक्के प्रवासी कर, आणि टोल वेगळा.

म्हणून भाच्याला नि इथल्या सगळ्यांना एकच प्रश्न. बंद करायची तर कुठली गाडी बंद करायची? नाव घेऊन सांगा.

आकडेमोड

काका, खिडकी भाच्याला देऊ नका. बाकी मात्र मी त्याच्या बाजूचा.

2025 च्या जूनमध्ये सरकारनेच एसटीवर श्वेतपत्रिका काढली. साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या पुढे. हा आकडा सवलतींमुळे झाला असं म्हणायची पद्धत आहे, ती सोडून द्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत, बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, या सवलतींचे पैसे सरकार महामंडळाला भरून देतं. उलट त्यामुळे रिकाम्या धावणाऱ्या गाड्या भरल्या. भारमान, म्हणजे गाडी किती भरते तो हिशेब, वाढलं ते सवलतींनी.

मग पैसे गेले कुठे? एकेकाळी ताफा अठरा हजारांच्या घरात होता, आता पंधरा हजारांच्या आसपास आहे. नवी गाडी वेळेवर घ्यायची नाही, जुनी डिझेल पीत रस्त्यात बसणार, फाट्यावरचा माणूस वाट बघून वडापच्या खाजगी जीपमध्ये चढणार. एकदा वडापची सवय लागली की तो परत येत नाही. यात कलम 34 कुठे आलं? हा कारभार आहे. दुसरा कोणी स्पर्धेत नसला की असाच होतो.

1948 चं कौतुक मलाही आहे. पण तेव्हा मोडलेली मक्तेदारी खाजगी मालकांची होती आणि आपण तिच्या जागी सरकारची बसवली, एवढंही म्हणा.

ट्रामकालीन

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. दर 1 जूनला सगळीकडे छापून येतं की पुणे-नगर पहिलं तिकीट नऊ पैसे होतं. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे, आण्याचे चार. नवे पैसे आले 1957 च्या एप्रिलमध्ये. म्हणजे 120 किलोमीटरचे सव्वादोन आणे? मला हे पटलेलं नाही. कोणीतरी एकदा लिहिलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं.

आता मुद्द्यावर. मुंबईकर एसटीवर बोलतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बेस्ट असते, तिथे गोंधळ होतो. बेस्ट महापालिकेची आहे, 7 ऑगस्ट 1947 पासून. ट्राम 31 मार्च 1964 ला थांबली, बस राहिली, आणि ती बस वर्षानुवर्षं तगली ती विजेच्या पैशावर. त्याच उपक्रमाचा वीज विभाग कमवायचा, परिवहन विभाग खर्च करायचा. एसटीकडे असा कमावता भाऊ कधीच नव्हता.

आणि ज्यांना स्वस्त तिकीट हाच इलाज वाटतो त्यांनी बेस्टकडेच बघावं. जुलै 2019 मध्ये किमान भाडं पाच रुपयांवर आणलं. गर्दी वाढली, मीही टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या गाड्या कमी होत गेल्या, भाडेतत्त्वावरच्या आल्या, आणि मे 2025 मध्ये भाडं दहावर गेलं. लोकांना पाच रुपये आठवतात. आमच्या थांब्यावरची कमी झालेली गाडी कोणाला आठवत नाही.

वाहकाची लेक

माझे बाबा वाहक होते, निवृत्त झाले. गळ्यात चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे, पंचची टिकटिक, आणि घरी आल्यावर वेबिलाचा हिशेब तोंडपाठ. मशीन आलं तेव्हा म्हणाले, "आता बोटं दुखायची नाहीत, पण पाच रुपये कमी पडले तर कुठे चुकलो ते कळायचंही नाही."

आकडेमोड, तुम्ही भारमान म्हणता तेव्हा मला मुक्कामाची गाडी आठवते. संध्याकाळी तालुक्याहून निघून शेवटच्या गावात पोचायची. रात्री गाडी तिथेच. चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत झोपणार आणि पहाटे तीच गाडी कॉलेजची पोरं, दूधवाले, दवाखान्याला निघालेली म्हातारी घेऊन परत. त्या फेरीचं भारमान काढलं तर शून्याच्या जवळ येईल, कारण संध्याकाळी जाताना चार माणसं असतात. पण ती संध्याकाळी गेली नाही तर पहाटे येणार कुठून? कागदावर एक तोट्याची फेरी दिसते, गावाला मात्र ती सकाळची पहिली गाडी असते.

बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे. पास फुकट असून काय उपयोग, गाडीच नसेल तर?

सायन सर्कल

इथे सगळे एसटीचे भक्त जमलेत, तर दुसरी बाजू सांगतो. माझ्या मेहुण्याच्या दोन गाड्या आहेत, मुंबईहून घाटावर जातात. तुम्ही ज्यांना सरसकट "ट्रॅव्हल्सवाले लुटारू" म्हणता त्यातला तो.

सीटमागे वर्षाचा कर तो आगाऊ भरतो, गाडी भरो न भरो. टोल त्यालाही आहे. एसटीला मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ल्याचं नेहरूनगर अशा मोक्याच्या जागा. आम्हाला? सायनला पुलाखाली पाच मिनिटं गाडी उभी केली की पावती. प्रवासी सामान घेऊन फूटपाथवर, पावसात. त्याला आम्ही उभं केलेलं नाही, शहराने केलंय.

आणि तरीही माणूस आमच्याकडे येतो. रात्री साडेदहाला ठरलेल्या नाक्यावर गाडी मिळते, झोपून जाता येतं, मोबाईलवर सीट दिसते. एसटीने स्लीपर आणायला किती वर्षं घेतली ते काढून बघा.

परळ नाका

सायनभाऊ, मेहुण्याबद्दल काही म्हणणं नाही. पण दिवाळीचं बोलू या की. मागच्या दिवाळीत माझ्या भावजयीला सोलापूरला जायचं होतं. एका ट्रॅव्हल्सवाल्याने जे भाडं सांगितलं त्यात ती परतीचं विमान बघायला लागली होती. 27 एप्रिल 2018 चा शासन निर्णय आहे की खाजगी गाडीचं भाडं एसटीच्या दीडपटीच्या वर जाता कामा नये. हा दीडपटीचा हिशेब कशावरून लावलाय? एसटीच्या भाड्यावरून. उद्या एसटीच नसली तर दीडपट कशाची काढणार?

सायन सर्कल

एक्याऐंशी टक्के मान्य. पण आमची गाडी येताना रिकामी येते हो. दिवाळीच्या आदल्या रात्री मुंबईतून बाहेर सगळे, मुंबईत यायला कोणी नाही. दोन्ही बाजूंचं डिझेल एकाच बाजूच्या तिकिटातून काढायचं असतं. एसटी जादा गाड्या सोडते तेव्हा तिच्या पण रिकाम्या येतात, फक्त तिचा तोटा श्वेतपत्रिकेत जातो नि आमचा मेहुण्याच्या घरात.

औसा ते अंधेरी

तुमची एसटीची गोष्ट पुण्यात सुरू होऊन मुंबईत संपते, याची आम्हाला सवय आहे. तरी नोंद असावी म्हणून लिहितो.

आमच्याकडे मराठवाड्यात, निजामाच्या राज्यात, सरकारी मोटार 1932 पासून होती. निजाम स्टेट रेल्वेने रस्ते वाहतुकीचं खातं काढलं, सत्तावीस गाड्यांवर. पुणे-नगरच्या सोळा वर्षं आधी. हैदराबादकडे एसटीच्या नंबरात "झेड" अक्षर दिसतं, ते निजामाच्या आईच्या, झहरा बेगमच्या नावावरून आलं असं सांगतात. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, मग मराठवाड्याची वाहतूक, नागपूरकडची प्रॉव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट आणि मुंबई राज्याचं महामंडळ यांची मोट बांधून 1961 मध्ये आजचं महामंडळ झालं. 1960 ला गुजरात आपल्या वाट्याच्या गाड्या घेऊन वेगळा झाला होता.

हे सांगायचं कारण असं की एसटी ही "एका रोपट्याचा वटवृक्ष" वगैरे नाही. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेली भांडी एका फडताळात ठेवली आहेत. निजामाच्या राज्यात बस रेल्वेची होती, म्हणजे रेल्वे जिथे संपते तिथून पुढे बस, एकाच खात्याची. ते शहाणपण नंतर हरवलं. आज लातूरची रेल्वे किती वाजता येते याच्याशी लातूरच्या स्टँडवरून औशाला सुटणाऱ्या गाडीचा काही संबंध आहे का? काका, तुम्ही सरकारने तोट्याचे रस्ते दिले म्हणता. आमच्याकडे तर रस्तेच उशिरा दिले.

कलम एकोणीस

वकिली करतो, म्हणून कायद्यापुरतं. आकडेमोड म्हणतात तशी मक्तेदारी "बसवणं" सोपं नव्हतं. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने धंद्याच्या स्वातंत्र्यावरच्या कलम 19(6) मध्ये राज्याला स्वतः धंदा करायची, इतरांना पूर्ण किंवा अंशतः वगळून करायची मुभा आली. उत्तर प्रदेशातल्या बसमालकांनी तिथल्या वाहतूक कायद्याला आव्हान दिलं आणि 1954 मध्ये सगीर अहमद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीच्या आधी झालेला तो कायदा रद्द ठरवला. मग 1956 मध्ये मोटार वाहन कायद्यात वेगळं प्रकरण घालून राष्ट्रीयीकरणाच्या योजना कशा काढायच्या, हरकती कशा ऐकायच्या, हे ठरलं. 1988 च्या कायद्यात ते सहावं प्रकरण म्हणून आलं.

आजचं सगळं भांडण दोन परवान्यांत आहे. टप्पा वाहतुकीचा परवाना म्हणजे ठिकठिकाणी थांबून सुट्टी तिकिटं देत जाणं. कंत्राटी वाहतुकीचा म्हणजे अख्खी गाडी एका करारावर, लग्नाची किंवा सहलीची. सायन सर्कल यांच्या मेहुण्यांचा परवाना बहुधा दुसरा असणार. रोज रात्री साडेदहाला ठरलेल्या नाक्यावरून चाळीस अनोळखी माणसं चाळीस वेगवेगळ्या भाड्यांत घेऊन जाणारं लग्न मी अजून पाहिलेलं नाही.

सायन सर्कल

वकीलसाहेब, टप्प्याचा परवाना द्या, उद्यापासून टप्पे घेतो.

आकडेमोड

हेच! परवाना द्या आणि बघा. सायन सर्कल पनवेल, लोणावळा घेतील. औशाला जातील का हा वेगळा प्रश्न, आणि तो खरा प्रश्न आहे, हेही मान्य.

संपाबद्दल कोणी बोललंच नाही. 2021 च्या नोव्हेंबरपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत, सणाची गाडी नाही, परीक्षेची नाही, आझाद मैदानावर तंबू. मागणी काय, तर राज्य सरकारात विलीनीकरण. त्रिसदस्यीय समितीने नाही म्हटलं, शेवटी उच्च न्यायालयाने 22 एप्रिलची मुदत घातली तेव्हा माणसं कामावर आली. त्या महिन्यांत वडापला आणि काळी-पिवळीला जे गिऱ्हाईक मिळालं ते सगळं परत आलेलं नाही. एसटीचा गळा कोणी दाबला याची यादी करायची तर हेही त्यात धरा.

वाहकाची लेक

संपाच्या पद्धतीवर मीही टीका करीन, बाबाही करतात. पण मागणी हवेतून आली नव्हती. भाडेवाढ सरकार ठरवणार, जानेवारी 2025 ची 14.95 टक्क्यांचीही तशीच. सवलत सरकार जाहीर करणार. आणीबाणीत सरकार बोलावणार. 2020 मध्ये लोकल बंद होती तेव्हा बेस्टच्या मदतीला जवळपास हजार एसटी मुंबईत उभ्या केल्या होत्या. चालक-वाहक कुठले? सांगलीचे, साताऱ्याचे, ज्यांनी सायन-धारावी फक्त बातम्यांत पाहिलेली. त्याच वर्षी मे महिन्यात एसटीच्या गाड्यांनी परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडलं. तेव्हा कोणी भारमान विचारलं नाही. पगाराची वेळ आली की मात्र "तुम्ही महामंडळाचे, आमचे नाही." काकांनी लिहिलेली कलम 22 आणि 34 मधली ती फट आहे ना, त्या फटीत ही माणसं उभी आहेत.

गोरेगावचा पाहुणा

सगळं वाचलं. मुंबई सेंट्रलच्या जागेचं काय झालं? भाच्याचा मूळ मुद्दा तोच होता.

परळ नाका

जागा विकायची नाही, आगारांच्या जागा खाजगी विकासकांना लांब मुदतीच्या भाड्याने द्यायच्या, खाली स्टँड वर दुकानं-कचेऱ्या, असं धोरण आहे. मी त्याच्या सरसकट विरोधात नाही. पण आमच्या गिरणगावात "खाली थोडी जागा कामगारांना, वर बाकीचं" हे आम्ही एकदा ऐकलेलं आहे. टॉवर झाले, खालचा माणूस विरारला गेला. स्टँड तळघरात जाईल आणि गाडी तिथून वळणारच नाही, असं काहीतरी होईल, अशी धास्ती वाटते.

आणि माझा प्रश्न तसाच पडलाय. कुठली गाडी बंद करू?

आकडेमोड

नाव घेऊन सांगतो. दादर-पुणे.

चकित होऊ नका. तिथे रेल्वे आहे, द्रुतगती मार्गावर खाजगी गाड्यांची रांग आहे, टॅक्सी आहेत. 1982 च्या एशियाडवरून नाव पडलेल्या गाड्या तिथे धावत होत्या तेव्हा रेल्वे सोडली तर फारसं दुसरं काही नव्हतं. तिथली शिवनेरी, एसटीची वातानुकूलित गाडी, उद्या बंद झाली तर कोणीही अडकून पडणार नाही. सरकारने जिथे दुसरं कोणी जात नाही तिथेच जावं. मुक्कामाची गाडी ठेवा, तीन ठेवा.

परळ नाका

अहो, चार पैसे देणारी गाडीच तुम्ही नेमकी काढून घेताय! दादर-पुण्याच्या पैशावरच तर ती देवळात मुक्काम करणारी गाडी चालते. मलईचे रस्ते दुसऱ्यांना दिल्यावर मुक्कामाच्या गाडीत डिझेल कोण घालणार?

आकडेमोड

सरकार. उघडपणे. अंदाजपत्रकात ओळ घालून की अमुक तालुक्यात इतक्या तोट्याच्या फेऱ्या आम्हाला हव्यात, त्याचे हे पैसे. पुण्याला जाणाऱ्या माणसाच्या तिकिटातून गुपचूप कापून औशाच्या माणसाला नेण्यापेक्षा हे बरं. निदान औशाच्या आमदाराला विधानसभेत विचारता येईल की आमची ओळ का कापली.

औसा ते अंधेरी

आमचा माणूस विचारेल. उत्तराचं बघा.

वाहकाची लेक

सवलतींच्या भरपाईला अंदाजपत्रकात ओळ आहेच की. ती रक्कम यायला उशीर झाला की पगार लांबतो, हे वर्तमानपत्रांत कितीदा येऊन गेलं. ओळ असणं वेगळं आणि डेपोच्या पंपावर डिझेल असणं वेगळं.

आकडेमोड

हे मान्य करावं लागेल. मग असं करता येईल: महामंडळ जो साडेसतरा टक्के प्रवासी कर भरतं तो भरायचाच नाही, सवलतीपोटी सरकारकडून जे येणं आहे त्यात परस्पर वळता करून घ्यायचा. पैसा मंत्रालयात जाऊन परत यायची वाट बघायला नको.

परळ नाका

प्रवासी कराचं पटलं. दादर-पुणे सोडणार नाही.

भाच्याला धागा पाठवलाय. त्याचं उत्तर आलं, "वाचतो. खिडकीचं काय झालं?"